उरुग्वेवाला

झुल्मिराने स्वेटर पुढे केला तेव्हा अदेल्मोला आधी काही उमगलंच नाही. जुलै म्हणजे इथला हिवाळा, संध्याकाळी गार वारा सुटतो, बायकोला काळजी वाटली असेल, असं समजून त्याने एक हात बाहीत घातलासुद्धा. मग त्याला तिच्या दुसऱ्या हातातली टोपी दिसली. ती त्याच्याकडे बघत नव्हती, दाराकडे बघत होती. आजवर सामन्याआधी त्याला घराबाहेर काढायचं काम वडिलांनी केलं आणि वडील गेल्यावर थोरल्या भावाने, वाल्दिरने. बायकोने कधी केलं नव्हतं. ब्राझीलचा सामना असला की ती स्वयंपाकघरात भांडी वाजवत राहायची आणि तो घराबाहेर पडला की मगच बाहेर यायची. एवढी एक लाज तिने इतकी वर्षं राखली होती. आज तीही गेली. "सातपर्यंत संपेल," ती म्हणाली, "मग ये." जणू तो कोपऱ्यावरून पाव आणायला निघाला होता.

बैठकीच्या खोलीत वाल्दिरचा सगळा गोतावळा पिवळे शर्ट घालून बसला होता. मुलगे, सुना, नातवंडं. भिंतीवर भलामोठा टीव्ही. तो अदेल्मोने घेतलेला, निवृत्तीनंतर, ह्याच फुटबॉल विश्वचषकासाठी. टीव्हीसमोरच्या खुर्चीत वाल्दिर. उठण्याची तसदी न घेता त्याने हात पुढे केला. "फोन ठेवून जा."

"फोन कशाला?"

"कशाला म्हणजे? कुणी काही पाठवलं, तू वाचलंस, की बसलो आम्ही कपाळाला हात लावून."

"वाल्दिर, घर माझं आहे."

"नाही कोण म्हणतंय? घर तुझं, टीव्ही तुझा, देव तुला उदंड आयुष्य देवो. दोन तास बाहेर काढ म्हणतोय फक्त. देशासाठी काढ." सुना हसल्या. कुणीतरी म्हणालं, काका, जिंकलो तर तुमचा पुतळा उभारू चौकात. अदेल्मोही हसला, आणि हसल्याचा त्याला लगेच राग आला. फोन त्याने भावाच्या हातावर ठेवला.

तो पांढऱ्या पायाचा होता. ह्यात कुणाला शंका नव्हती, त्याला स्वतःलाही नव्हती. जगात दुसरीकडे अशा माणसाला काय म्हणतात कोण जाणे, इथे म्हणतात त्याचे पाय थंड आहेत, अर्थ तोच. पण ह्या खेपेला गोष्ट वेगळी होणार होती. स्पर्धा इतक्या वर्षांनी परत आपल्या देशात आलेली, उपांत्य सामना तर आपल्याच बेलो होरिझोन्तेत, मैदान बसने अर्ध्या तासावर. झुल्मिराने शब्द दिला होता. "ह्या वेळी तू घरातच बसशील, माझ्या शेजारी. वाल्दिर काय म्हणतो ते मी बघते." पहिल्या सामन्यांना वाल्दिरने कुरकुर केली तेव्हा तडजोड निघाली, की अदेल्मोने मागच्या अंगणात भिंतीकडे तोंड करून बसावं. तेही त्याने केलं. मग शुक्रवारी, कोलंबियाविरुद्धचा सामना संपत आला, जिंकल्यातच जमा होता, आणि अदेल्मोला रक्तदाबाची गोळी घ्यायची आठवण झाली. गोळ्या फ्रीजवर होत्या, आणि फ्रीजपाशी उभं राहिलं की टीव्ही दिसतो. त्याने मुद्दाम पाहिलं नाही. नुसती नजर गेली. त्याच क्षणी आपल्या दहा नंबरच्या पोराच्या पाठीत गुडघा बसला आणि ते कळवळत आडवं झालं. मणका मोडला, स्पर्धा संपली त्याची. घरात किंकाळी उठली, आणि मग एकेकाने मान वळवून फ्रीजकडे बघितलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असं म्हणणारं तिथे कुणी नव्हतं. अदेल्मोच्या तोंडात गोळी होती, पाण्याचा घोट राहून गेला होता, आणि गोळीचा कडूपणा जिभेवर पसरत चालला होता. झुल्मिरा त्याच्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. तिची खात्री पटली होती, आणि ते रागापेक्षा वाईट होतं.

रस्ता रिकामा होता. डांबरावर गल्लीतल्या लोकांनी पिवळा-हिरवा रंग फासलेला, डोक्यावर कागदी पट्ट्यांचं छत, आणि त्याखाली चालणारा तो एकटाच. घराघरांतून एकच समालोचक बोलत होता, म्हणून त्याने कानांवर टोपी ओढली आणि चढावरच्या बसथांब्याकडे झपाझप निघाला. ही सवय जुनी. आठवं वर्ष सरत आलं असताना वडिलांनी त्याला रेडिओपासून दूर कोंबड्यांच्या खुराड्यात नेऊन ठेवलं होतं. स्वीडनमध्ये अंतिम सामना चालला होता. खुराड्यात उष्टं खाणं आणि विष्ठेचा वास, कोंबड्या त्याच्या पायांवरून चालत होत्या. मग गावभर आतषबाजीचे बाण सुटले, कोंबड्या पिसाटल्यासारख्या भिंतींवर आदळल्या, आणि पिसं त्याच्या नाकातोंडात गेली. जग जिंकल्याची बातमी त्याला अशी कळली. दार उघडलं, वडील आत वाकले आणि त्यांनी त्याला उचलून खांद्यावर घेतलं. "जिंकलो! आणि तू काही ऐकलं नाहीस ना? शाबास रे माझ्या उरुग्वेवाल्या!" अख्ख्या गल्लीतून ते त्याला मिरवत घेऊन गेले. वडिलांच्या केसांना लावलेल्या तेलाचा वास त्याला अजून आठवतो. त्याआधी आणि त्यानंतर त्यांनी त्याला कधी उचलल्याचं त्याच्या आठवणीत नाही.

उरुग्वेवाला हे नाव वडिलांनीच ठेवलेलं. पन्नास साली रिओच्या नव्याकोऱ्या मैदानात अंतिम सामना झाला, ब्राझील जिंकणार ही काळ्या दगडावरची रेघ होती, वर्तमानपत्रांनी आदल्या दिवशीच विजेते म्हणून फोटो छापले होते, आणि इवल्याशा उरुग्वेने येऊन सगळ्या देशाच्या तोंडचा घास पळवला. वडील रेल्वेच्या कारखान्यात होते. पास होता, पोटुशी बायको घरी टाकून मित्रांबरोबर रात्रीच्या गाडीने सामना बघायला गेले होते. परतले ते दोन दिवस कुणाशी न बोलता. पाळण्यात बाळ होतं. "कधी झालं?" त्यांनी विचारलं. आत्या म्हणाली, रविवारी, दुपार कलताना. वडील म्हणाले, "म्हणजे त्याच वेळी," आणि आंघोळीला निघून गेले. ही गोष्ट अदेल्मोने आत्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली होती की त्याला स्वतःलाच ते पाळण्यातून पाहिल्यासारखं वाटे. जेवायची वेळ झाली की वडील म्हणत, "बोलवा त्या उरुग्वेवाल्याला." सगळे हसत. ते हसत म्हणूनच त्याला कधी रडता आलं नाही. वाल्दिर तेव्हा सहा वर्षांचा होता. त्या रविवारी वडील हरवले आणि त्यांच्या जागी कुणीतरी गप्प माणूस परत आला, असं तो एकदा पिऊन म्हणाला होता. "आणि तू आलास," असंही म्हणाला होता.

बसचालक झाल्यावर मात्र अदेल्मोच्या पांढऱ्या पायांना भाव आला. सामन्याच्या दिवशी कुणालाच ड्यूटी नको असायची. तो मागून घ्यायचा. रिकामी बस, रिकामे रस्ते, सगळे सिग्नल आपलेच. चौऱ्याण्णवला पेनल्टीवर कप आला तेव्हा तो एका उतारावर बस थांबवून डोळे मिटून बसला होता. लोक घरांतून धावत बाहेर आले, कुणी खिडकीतून डोकं घालून त्याच्या गालाचा मुका घेतला. दोन हजार दोनला तर डेपोत त्याला खांद्यांवर घेतलं. हरलो की मात्र वडाची साल पिंपळाला लावायची. ब्याऐंशीला तो चाकावर होता, काही पाहिलं नव्हतं. पण एका म्हातारीने बसमध्ये चढता चढता गोल सांगितले, म्हणून. अठ्ठ्याण्णवला सिग्नलला थांबला असताना एका गुत्त्याच्या दारातून टीव्हीवरचे प्रतिस्पर्ध्यांचे निळे शर्ट दिसले, म्हणून. सगळ्यात वाईट हे की ही कारणं वाल्दिरला कुठून कळणार? अदेल्मोच घरी येऊन ती सांगायचा. हरल्याच्या संध्याकाळी तो आपला सगळा दिवस उलटापालटा करून कुठे डोळा फिरला, कुठे कान गेला हे शोधायचा आणि सापडलं की त्याला हायसं वाटायचं. आपल्यामुळे हरलो, म्हणजे आपल्यामुळे जिंकतोही. डेपोतल्या कुठल्या चालकाच्या हातात एवढी सत्ता होती?

शेवटच्या थांब्यावर एकच बस उभी होती. चाकावर जुसारा नावाची मुलगी. नाव तिच्या शर्टावर होतं. कागदाच्या पिशवीतून चीजचे गरम गोळे काढून खात होती. "या काका. आज कुठे दौरा? आज चोरपण घरी बसलेत."

"कुठे नाही. बसतो नुसता."

"काकूंनी हाकललं?"

त्याने टोपी आणखी खाली ओढली. तिने चावायचं थांबवून त्याच्याकडे निरखून पाहिलं. "थांबा थांबा. तुम्ही ते अदेल्मो तर नव्हे? सामन्याला ड्यूटी मागून घेणारे?"

"तुला कुणी सांगितलं?"

"डेपोत सगळे सांगतात! तुमच्यामुळे दोनदा कप आला म्हणे. आमचा जुना मेकॅनिक म्हणतो, अदेल्मो निवृत्त झाला आणि तेव्हापासून आपलं घोडं पेंड खातंय." तिने पिशवी पुढे केली. "घ्या. आज तुम्ही माझ्या बसमध्ये म्हणजे आज काम फत्ते."

त्याने एक गोळा घेतला. तिच्या एका कानात वायर होती, ती खाली फोनपर्यंत गेलेली. "मला काही सांगायचं नाही," तो म्हणाला. "काही झालं तरी. चेहराही करायचा नाही."

"आईशप्पथ नाही सांगणार. तोंडाला कुलूप. पण चेहऱ्याचं काय सांगू काका, तो आईनेच असा दिलाय."

तो पार मागच्या बाकावर जाऊन बसला आणि खिडकी उघडली. बाण ऐकू आलेले चालतात. बाण म्हणजे काही पाहणं नव्हे, हा नियम वडिलांनीच केलेला. आपला गोल झाला की सगळं शहर बाणांनी दणाणतं. दुसऱ्यांचा झाला की काहीच होत नाही. बस सुटली. बंद दुकानं, एक भटका कुत्रा, झेंडे. बाण नाहीत. बस वळली, उतरली, चढली, तरी बाण नाहीत. शून्य-शून्य, तो मनाशी म्हणाला. चालेल. दहा नंबरशिवाय खेळतायत पोरं, चालेल. ह्या वेळी आपण अगदी स्वच्छ आहोत, ह्या विचाराने त्याला थोडा तोराच चढला. एक शब्द नाही, एक रंग नाही. इतकं कडक सोवळं त्याने आयुष्यात पाळलं नव्हतं. शुक्रवारची ती एक नजर आज फेडून टाकायची. मग रविवारी अंतिम सामन्याला, कुणी सांगावं, झुल्मिरा सगळ्यांसमोर म्हणेल की बसू दे त्याला. नाही, असं नको म्हणायला. तिने म्हणावं, तू जा बाबा, तुझ्यावाचून कप येत नाही. आणि हे म्हणताना तिने त्याच्याकडे बघावं. एवढंच. त्याला टीव्ही नकोच होता. त्याला ती नजर हवी होती.

समोरच्या आरशात जुसाराचे डोळे दिसत होते. बघायचं नाही ठरवूनही तो बघत होता. एकदा तिच्या भुवया जवळ आल्या. मग बराच वेळ काही नाही. मग पाठोपाठ तिने दोनदा, तीनदा मान हलवली आणि एकाएकी हसू लागली. आवाज नाही, खांदे गदगदत होते. तो खुलला. एवढी हसतेय म्हणजे वाईट काही नसणार. मध्यंतरात समालोचक विनोद करत असतील. त्यानेही आरशात बघून हसून दाखवलं. तिने नजर काढून घेतली.

परतीच्या फेरीत दिवस मावळला. एकही माणूस चढला नाही, एकही बाण सुटला नाही. तिने पुन्हा शेवटच्या थांब्यावर आणून बस बंद केली. इंजिन थांबल्यावर शांतता अशी आली की अदेल्मोला स्वतःच्या कानांतला आवाज ऐकू येऊ लागला. आणि मग खालच्या वस्तीतून कुठूनतरी एक बाण वर गेला. एकच. फुटला, आणि विझला.

अदेल्मो उभा राहिला. अगदी शेवटी! शेवटच्या क्षणाला एक गोल! जुसारा चाकावर डोकं टेकून बसली होती. तिने वर पाहिलं तेव्हा तिचे डोळे ओले होते. त्याला वाटलं, तिला मिठी मारावी. तिचाच आनंद होता तो, आणि तो त्याने घडवलेला होता. "काका," ती म्हणाली, "घरी जा आता."

"जातो. बोलू नकोस. घरी जाऊनच ऐकतो."

उतारावर तो जवळजवळ धावत होता. एक-शून्य. चौसष्टीला आलेला माणूस, पण त्याला वडिलांच्या खांद्यांची उंची आठवली आणि वरून दिसणारी गल्ली. दारं उघडतील आता, लोक बाहेर येतील. दारं उघडीच होती. लोक पायऱ्यांवर बसले होते. समोरच्या घरातली बाई स्टुलावर चढून कागदी पट्ट्या ओढून काढत होती आणि तिच्या हाताचा जोर बघून अदेल्मोची चाल मंदावली. मग एक बाण कसला? त्याने हिशेब लावला: एक आपला, म्हणजे दोन त्यांचे. थोडक्यात गेलं. चालता चालताच, जुन्या सवयीने, त्याचं मन दिवस चाचपू लागलं. आरसा? पण आरशात त्याला हसू दिसलं होतं. दुसरं काही नव्हतं. खरंच काही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तो रिकाम्या हातांनी घरी चालला होता.

वाल्दिरची मुलंबाळं फाटकाबाहेर गाडीत जाऊन बसली होती. आत टीव्ही बंद होता, त्यासमोर वाल्दिर तसाच. त्याचे डोळे सुजले होते. सत्तरीचा माणूस, पिवळा शर्ट पोटावर ताणलेला, ओठ लहान मुलासारखे.

"कुठे होतास?"

"बसमध्ये."

"कुणी सांगितलं काही?"

"नाही."

"रेडिओ? दुकानाची काच? कुणाच्या फोनवर?"

"काहीच नाही, वाल्दिर. एक बाण ऐकला शेवटी."

"बाण चालतो." वाल्दिर पुढे वाकला. त्याच्या आवाजात राग नव्हता, अजिजी होती, आणि ती अदेल्मोने कधी ऐकली नव्हती. "अरे, आठव ना. काहीतरी असेल. नेहमी असतं. असं उगाच कसं होईल? आठव, अदेल्मो."

झुल्मिरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. आता ती त्याच्याकडे बघत होती. दुपारपासून पहिल्यांदा. "सांगून टाक ना," ती हलकेच म्हणाली. "त्याला बरं वाटेल."

नाही म्हणायची वेळ ह्याहून चांगली आली नसती. तो स्वच्छ होता. हे एक वाक्य बोललं की चौसष्ट वर्षांचं किटाळ गळून पडणार होतं. पण ते वाक्य जिभेवर घोळवताच त्यामागून दुसरं काहीतरी चालत आलं. आज त्याच्यामुळे हरलो नाही, तर चौऱ्याण्णवला त्याच्यामुळे जिंकलो नव्हतो. खिडकीतून घेतलेला तो मुका चुकीच्या माणसाचा होता. खुराड्यातल्या पोराने काही केलं नव्हतं. ते नुसतंच कोंबड्यांत बसलं होतं. आणि वडिलांनी पाळण्याकडे पाठ फिरवली ती उगाच, काहीही कारण नसताना. हे त्याला सोसवेना. त्यापेक्षा दोष बरा. दोषाला निदान घरात जागा होती, खुर्ची नसली तरी.

"पाहिला," तो म्हणाला. "थांब्यासमोर दुकान आहे. काचेतून पाहिला."

"किती?"

"सगळा. दोन्ही गोल माझ्या डोळ्यांदेखत झाले."

झुल्मिराचा हात तोंडाशी गेला. वाल्दिर शब्द मोजल्यासारखं म्हणाला, "सात झाले."

"काय सात?"

"गोल. सात झाले आपल्यावर. पाच तर अर्ध्या तासात. जगात कुणावर झाले नसतील असे झाले, आणि तू दोन म्हणतोस."

अदेल्मोला आधी तो आकडा समजेना. मग जुसाराचं हसू समजलं. मग हेही समजलं की ह्या दोघांनाही आता सगळं समजलंय. त्याने काही पाहिलं नव्हतं. त्याच्याच खोट्याने ते त्यांना दाखवून दिलं होतं. त्याला एकदम हलकं वाटलं, लाजिरवाणं हलकं. आता वाल्दिर उठेल. आता झुल्मिरा काहीतरी म्हणेल. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्याला स्पष्ट दिसत होतं. तो दारातच उभा राहिला आणि वाट बघू लागला.

वाल्दिरने तोंड फिरवून बंद टीव्हीकडे बघितलं.

"दोन तर पाहिलेस ना?" तो म्हणाला. "तेवढे पुरे झाले."

झुल्मिराने पदराने डोळे पुसावेत तसे ॲप्रनने पुसले आणि आत वळली. "हात धुऊन घे," ती आतून म्हणाली, "खीर निवत चाललीय." तिच्या आवाजातला ताण गेला होता. घर पुन्हा जागेवर आलं होतं.

"हो," अदेल्मो म्हणाला. "पाहिले दोन."